अकरावी 'सी'चा पोर्शन

जून २००६ मध्ये चित्रा चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या एका मॅट्रिक्युलेशन हायर सेकंडरी शाळेत गणित शिकवायला लागली. पहिल्याच दिवशी तिच्या हाती दोन गोष्टी आल्या : अकरावी 'सी'चं वेळापत्रक आणि बारावीचं पुस्तक.

तिला वाटलं, चुकून दिलं असेल. ऑफिसातल्या बाईंना तिनं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं, की मला अकरावीचं पुस्तक हवं. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, वेळापत्रकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "करेक्टु दान, मिस." म्हणजे, बरोबरच आहे.

मागून कुणीतरी मराठीत बोललं.

"अकरावीचे पुस्तक येथे कोणी शिकवत नाही. त्याची परीक्षा बोर्ड घेत नाही ना. म्हणून दोन वर्षे बारावीच."

चित्रा दचकून वळली. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ, बोटांना खडू लागलेला. ते राजगोपाल सर, गणित विभागाचे प्रमुख. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर वरखाली होत होती, तरी शब्द न् शब्द कळत होता.

"सर, तुम्ही मराठी?"

"तंजावरचे आम्ही. घरात मराठीच बोलतो. तुम्ही कोठल्या?"

"इचलकरंजीची."

"तिकडे अवघे मराठीच बोलतात काय? दुकानातदेखील?"

"दुकानातसुद्धा," चित्रा म्हणाली आणि चेन्नईला आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसली.

तिचा नवरा महेश श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होता. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची ती संध्याकाळीच परत आणायची. इचलकरंजीत दोन वर्षं ज्युनियर कॉलेजात शिकवलेल्या चित्राला रिकामं घर खायला उठे. म्हणून घराजवळची ही नोकरी मिळाल्यावर ती खूश होती. पण त्या पुस्तकाचं कोडं तिला सुटेना.

बारावीच्या पुस्तकातल्या धड्यांची नावंच सांगत होती की यांच्याआधी काहीतरी आहे. मॅट्रिक्सचे उपयोग, डेरिव्हेटिव्हचे उपयोग, इंटिग्रेशनचे उपयोग. मुळात मॅट्रिक्स म्हणजे काय, डेरिव्हेटिव्ह कशाला म्हणतात, हे अकरावीच्या पुस्तकात होतं, आणि ते पुस्तक मुलांनी विकत घेऊन घरी ठेवलं होतं. राजगोपाल सरांनी त्यावर तोडगा काढला होता. सुरुवातीला पंधरा दिवसांचा 'पाया'. त्यात सगळी सूत्रं फळ्यावर लिहायची, मुलांनी ती पाठ करायची आणि मग थेट बारावीत उडी. तेच धडे दोन वर्षांत तीनदा व्हायचे. दर वर्षी पाच-सहा मुलांना दोनशेपैकी दोनशे मिळायचे. त्याला तिथं 'सेंटम' म्हणतात. सेंटम मिळवणाऱ्यांचे फोटो फाटकाशी फ्लेक्सवर लागत.

पायाच्या दुसऱ्या आठवड्यात चित्रानं फळ्यावर लिहिलं, साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस. खिडकीजवळ बसणाऱ्या हरिणी नावाच्या मुलीनं हात वर केला.

"मिस, कॉसच का? टॅन का नाही?"

वर्ग हसला. पण हरिणी चेष्टा करत नव्हती. तिचे वडील आवडीच्याच संरक्षण कारखान्यात होते आणि तिची मोठी बहीण श्रीनिधी याच शाळेतून इंजिनिअरिंगला गेली होती. मुलगी हुशार होती, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नंतर सांगते," चित्रा म्हणाली. घंटा झाली आणि दिवसभर तिला ते 'नंतर' टोचत राहिलं, कारण वेळापत्रकात नंतर कुठंच नव्हतं.

त्या रविवारी राजगोपाल सरांनी चित्रा आणि महेशला जेवायला बोलावलं. त्यांच्या पत्नी महालक्ष्मीबाईंनी केळीच्या पानावर आंबट भात, पिठलं आणि वांग्याची रसवांगी वाढली. महेश पिठल्याची चव घेऊन म्हणाला, "काकू, हे आमच्या आईच्या हातचंच आहे, फक्त कढीपत्ता जास्त." महालक्ष्मीबाईंनी लगेच आणखी वाढलं.

जेवणानंतर चित्रानं विषय काढला. "सर, अकरावीतही आपण बारावीच शिकवतो, ते मला पटत नाही."

सर रागावले नाहीत. "तुमच्या गावी अकरावी नीट शिकवतात काय?"

चित्राला खोटं बोलवेना. "तिकडे अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष. वर्गात कुणी नसतं."

"मग!" सर हसले. "येथे निदान मुले वर्गात बसतात. पाहा चित्राबाई, कारखान्यातल्या फिटरचा मुलगा. त्यास अर्धा मार्क कमी पडला तर सरकारी कॉलेजची सीट जाते. बापास खासगी कॉलेज कोठून परवडेल? मी त्यास सेंटम देतो. साइनचे कॉस का होते, हे त्यास ठाऊक नाही, खरे. पण तो आज इंजिनिअर आहे."

 चित्राचं समाधान झालं नव्हतं. तिनं मधला रस्ता काढला. तासाची पहिली दहा-पंधरा मिनिटं अकरावीतलं काहीतरी, उरलेला वेळ बारावी. दहा मिनिटांची वीस कधी व्हायची, ते कळायचं नाही. जुलैच्या मासिक चाचणीत 'ए' आणि 'बी' सेक्शन पुढे गेले आणि 'सी' तळाला राहिला.

राजगोपाल सरांनी तिला स्टाफरूमच्या कोपऱ्यात बोलावलं. "तुम्ही काय करता ते मज ठाऊक आहे. मुले सांगतात. वाईट करत नाही तुम्ही. पण पोर्शन मागे पडला. कनका मॅडमनी मार्क पाहिले तर तुम्हांस विचारतील, मज नाही." कनका मॅडम म्हणजे शाळेच्या करस्पॉन्डंट, थोडक्यात मालकीणच.

"बंद करते, सर," चित्रा म्हणाली. ती तशी शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवसापासून तिनं फक्त बारावीचं पुस्तक उघडलं. हरिणीनं दोनदा हात वर केला आणि मग करायचा सोडला.

ऑगस्टच्या अखेरीस चित्राला ताप भरला. त्या वर्षी चेन्नईभर चिकुनगुनियानं लोकांना आडवं केलं होतं. त्यांच्या मजल्यावर तीन घरांतले लोक कंबर धरून चालत होते. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधेदुखी राहिली. कपाचा कान धरवेना, वेणी घालता येईना. महेश सकाळी कुकर लावून, तिचे केस विंचरून बस पकडायचा. महालक्ष्मीबाई एक दिवसाआड स्टीलचा डबा घेऊन यायच्या, उशाशी बसायच्या आणि आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत सांगायच्या, "लेकरा, अंग दुखते तोवर उठू नको. शाळा कोठे पळून जात नाही."

'सी' सेक्शन सरांनी स्वतःकडे घेतला होता. चित्रा महालक्ष्मीबाईंना विचारायची, "काकू, सर माझ्या वर्गाबद्दल काही बोलतात का?"

"बोलत नाहीत. पण घरी आले की पुस्तके घेऊन बसतात. जेवायला दोनदा हाक मारावी लागते. पूर्वी असे नव्हते."

चित्राला वाटलं, आपण वर्गाचं वाटोळं केलं आणि म्हातारा माणूस ते निस्तरतोय.

सप्टेंबर संपता संपता ती परत शाळेत गेली. बोटं अजून आखडलेलीच होती. वर्गात शिरली आणि फळा पाहून दारातच थांबली. फळाभर एक मोठं वर्तुळ होतं. वर्तुळात एक छोटा त्रिकोण, त्याला झाकणारी वर्तुळाची फोड, आणि त्या फोडीलाही पोटात घेणारा मोठा त्रिकोण. साइनचं कॉस का होतं, हे ज्या आकृतीपासून सुरू होतं, तीच ती.

"हे कोणी काढलं?"

"राजगोपाल सरांनी, मिस," हरिणी म्हणाली. "बारावीचं पुस्तक आम्ही सध्या आणत नाही. सर म्हणाले, आधी हे."

"किती दिवस?"

"तुम्ही आजारी पडलात तेव्हापासून."

चित्रा तशीच स्टाफरूममध्ये गेली. सर पेपर तपासत होते. तिला पाहून त्यांनी पेपर सरळ केले, पेनला टोपण घातलं. चोरी करताना पकडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"सर, पोर्शन?"

"बसा. बोटे कशी आहेत?"

"बोटं बरी आहेत. पोर्शन?"

"त्या मुलीने विचारले," सर म्हणाले. "कॉसच का. मी म्हटले, पाच मिनिटांत सांगतो. फळ्यावर वर्तुळ काढले आणि पुढचे आठवेना. चित्राबाई, कुंभकोणमच्या कॉलेजात असताना मी हे झोपेत करत असे! इतकी वर्षे शिकवतो आणि अख्ख्या वर्गापुढे उभा राहिलो, खडू हातात. मुलांस म्हटले, उद्या सांगतो. घरी जाऊन काढले. दुसऱ्या दिवशी सांगितले, तर त्यांनी दुसरे विचारले. मग तिसरे. मज इतके बरे वाटले, काय सांगू. तेच नऊ धडे किती वर्षे शिकवतो मी! फळ्याकडे न पाहता लिहितो. या वर्गात मज विचार करावा लागला."

"आणि तिमाही परीक्षा?"

"त्यांस वेगळा पेपर काढला. अकरावीचा."

चित्रानं कपाळावर हात मारला. बोट दुखलं. "कनका मॅडमना माहीत आहे?"

"उद्या कळेल," सर म्हणाले. "पालकांचा निरोप गेला आहे त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी कळलंच. कनका मॅडमनी दोघांना बोलावून सांगितलं, की शनिवारी 'सी' सेक्शनच्या पालकांची सभा आहे. इंजिनिअरिंगची प्रवेशपरीक्षा सरकार रद्द करणार असं जिकडेतिकडे बोललं जात होतं. म्हणजे आता बारावीचे मार्क हेच सर्वस्व. "आणि अशा वर्षी तुम्ही खेळ मांडलात?" मॅडम सरांना म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

मधे एक गांधीजयंतीची सुट्टी होती. चित्रा सरांच्या घरी जाऊन बसली. चटईवर दोन्ही पुस्तकं उघडली होती. सरांचं म्हणणं, जानेवारीपर्यंत फक्त अकरावी करू, मग बारावी. चित्रानं हिशेब मांडून दाखवला की तसं केलं तर बारावीला उजळणी करायलाच वेळ उरणार नाही. बोलता बोलता तिनं एका पुस्तकातलं वर्तुळ आणि दुसऱ्यातला पॅराबोला शेजारी शेजारी आणले.

"सर, हे दोन धडे वेगळे का शिकवायचे? वर्तुळ संपलं की दुसऱ्याच दिवशी पॅराबोला घेऊ. मॅट्रिक्स म्हणजे काय, आणि लगेच त्याचे उपयोग. व्हेक्टर आणि व्हेक्टर. डेरिव्हेटिव्ह आणि त्याचे उपयोग. अकरावी आणि बारावी असं आडवं कापायचंच नाही, उभं कापू. दोन वर्षांत दोन्ही पुस्तकं, आणि पाया वेगळा नाहीच."

सरांनी दोन्ही पुस्तकं स्वतःकडे ओढली. "बारावीचे पुस्तक असे फोडायचे?"

"फोडायचं."

"कॉम्प्लेक्स नंबर कोठे बसवाल? त्यांस जोडी नाही."

"ट्रिगनॉमेट्रीच्या मागे."

"नाही, नाही. अल्जिब्राच्या मागे!" आणि दोघांची त्यावरून अशी जुंपली, की महालक्ष्मीबाई कॉफीचे टंबलर ठेवून गेल्या आणि कॉफी निवली.

शनिवारच्या सभेला पंचवीसेक पालक आले. काही जण कारखान्याच्या गणवेशातच होते. हरिणीची आई पहिल्या रांगेत होती. ती आधी बोलली.

"माझी मोठी मुलगी तुमच्याच हाताखाली शिकली, सर. दोनशेला एकशे अठ्ठ्याण्णव. तिला सीट मिळाली. तेच धाकटीला द्या. मी नवीन काही मागत नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. चित्राला त्या बाईचं म्हणणं अगदी रास्त वाटलं. तिला स्वतःला मुलगी असती, तर तीही हेच बोलली असती.

सर उठले आणि तमिळमध्ये सावकाश बोलू लागले. दोन्ही पुस्तकांच्या धड्यांची मांडणी त्यांनी फळ्यावर काढून दाखवली. कुठला धडा कधी संपेल, उजळणी कधी सुरू होईल, सगळं सांगितलं. "दर शनिवारी मी आणि चित्रा मिस जादा वर्ग घेऊ. त्याची फी नाही."

"सेंटमची खात्री द्याल?" मागून एकानं विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "आजवर देत होतो. या वर्गाची देत नाही, कारण हे मी आधी केलेले नाही. ज्यांस धोका वाटतो त्यांनी मुलाला 'ए' किंवा 'बी'मध्ये घालावे. मी स्वतः सही करीन. मला राग येणार नाही."

खोलीत कुजबुज झाली. कनका मॅडम एका बाजूला बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला का करायचंय हे? दोन वर्षांत तुम्ही रिटायर होणार. आहे ते चाललंय की चांगलं."

"मॅडम, मला या वर्गात शिकवायला आवडते," सर म्हणाले. एवढंच. त्यांना आणखी काही सुचलं नसावं. चित्राला वाटलं, काहीतरी भारदस्त बोलायला हवं होतं. पण कनका मॅडम म्हणाल्या, "एक सेक्शन. एकच. आणि निकाल बिघडला तर मी तुमच्याकडेच येणार."

सोमवारी अकरा मुलं 'ए' आणि 'बी'मध्ये गेली. हरिणीचं नावही त्यात असेल, असं चित्रानं धरलं होतं. पण हरिणी खिडकीजवळच बसली होती, डोळे जरा सुजलेले.

"आई काय म्हणाली?"

"आई म्हणाली, जा. ताई म्हणाली, थांब. ताईला कॉलेजात पहिल्याच सेमिस्टरला गणितात फार त्रास झाला, मिस. तिनं घरी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मला इथं झोप येत नाही. तिकडे येते."

पुढचे दोन महिने चित्राला खडू नीट धरता येत नव्हता. ती बोलायची आणि हरिणी नाहीतर दुसरं कुणी फळ्यावर लिहायचं. लिहिणारा चुकला की वर्ग ओरडायचा. त्यातून एक फायदा झाला. मुलं फळ्याला भ्यायची थांबली. बोटं सुधारल्यावरही चित्रानं ती पद्धत चालू ठेवली.

काम मात्र सोपं नव्हतं. सर एका गोष्टीत शिरले की बाहेर यायचे नाहीत. बायनॉमिअलचा धडा चार दिवसांचा, तो त्यांनी दोन आठवडे चालवला. मग चित्रा दारात उभी राहून घड्याळ दाखवायची. "सर, पोर्शन!" मुलांना ते वाक्य पाठ झालं आणि सर रमले की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, "सार, पोर्शन!" सर हसून फळा पुसायचे. कॉम्प्लेक्स नंबरचं भांडण मिटलं नाही. शेवटी चित्रानं माघार घेतली, तो धडा अल्जिब्राच्या मागे गेला, आणि शिकवताना सरांच्याच लक्षात आलं की अर्धा धडा ट्रिगनॉमेट्रीशिवाय पुढे सरकत नाही. त्यांनी ते भर वर्गात कबूल केलं. चित्राला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

सहामाहीला 'सी' पुन्हा मागे होता. अकरावीच्या शेवटी थोडा कमी मागे. बारावीच्या पहिल्या चाचणीत तो 'बी'च्या बरोबरीनं आला, आणि स्टाफरूममधल्या बाकीच्या दोघा शिक्षकांनी पहिल्यांदा विचारलं, तुमच्या धड्यांची मांडणी जरा बघायला मिळेल का.

मे २००८ मध्ये निकाल लागला. 'ए'मध्ये चार सेंटम, 'बी'मध्ये दोन, 'सी'मध्ये एक. ते हरिणीला नव्हतं. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या, कधी फारसं न बोलणाऱ्या शार्दूल नावाच्या मुलाला होतं. त्याचे वडील नागपूरहून बदलून आलेले, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहणारे. हरिणीला एकशे त्र्याण्णव. पण दीडशेच्या खाली 'सी'तलं एकही मूल नव्हतं. असं त्या शाळेत पूर्वी झालं नव्हतं.

कनका मॅडमनी निकालाचा कागद दोनदा पाहिला. "परवाइल्ले," त्या म्हणाल्या, म्हणजे हरकत नाही. मग म्हणाल्या, "येत्या वर्षी दोन सेक्शन करा. 'ए'ला हात लावू नका, फ्लेक्सवर फोटो लागायला हवेत. आणि सर, तुम्ही आणखी दोन वर्षं थांबता का?"

सरांनी विचार करायला वेळ मागितला नाही.

दुपारी हरिणी आईबरोबर पेढ्यांचा डबा घेऊन आली. चित्राला वाटलं, बाई पाच मार्कांवरून बोलतील. पण आई म्हणाली, "पाच कमी पडले हिला ताईपेक्षा. मला वाईट वाटलं, खरं सांगते. पण गेलं वर्षभर रोज संध्याकाळी ही धाकटी मोठीला गणित शिकवतेय. आमच्या घरी टीव्ही बंद असतो, मिस." आणि ती हसली.

"इंजिनिअरिंगला जाणार ना?" चित्रानं हरिणीला विचारलं.

"जाणार. सीट मिळेल असं वाटतंय. नाही मिळाली तर बी.एस्सी. मॅथ्स. मला दोन्ही चालेल, मिस."

तिच्या आईनं "चालेल काय!" म्हणून डोळे मोठे केले, पण त्यात राग नव्हता.

त्या गेल्यावर स्टाफरूममध्ये पंखा तेवढा फिरत होता. बाहेर कडक ऊन होतं. सरांनी पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि नव्या वर्षाच्या वेळापत्रकाचा कागद पुढे ओढला.

"चित्राबाई, प्रॉबॅबिलिटी आपण फार उशिरा घेतो. पहिल्याच टर्मला घेऊ काय?"

"पहिल्या टर्मला? सर, परम्युटेशन झाल्याशिवाय?"

"परम्युटेशनही घेऊ. जुलैमध्ये."

"जुलैमध्ये बसणार नाही."

"बसेल. तुम्ही पाहा तर." त्यांनी पेन्सिल तिच्या हातात दिली आणि खुर्ची जवळ ओढली. चित्रानं घड्याळ पाहिलं. महेशची बस यायला अजून बराच वेळ होता. तिनं पदर खोचला आणि जुलैचा रकाना आखायला घेतला.